हायड्रोजनच्या संशोधनाचा भार कुणी उचलायचा?

फ्युएल सेलचं तत्त्व विज्ञानाला नवं नाही. हायड्रोजन आणि ऑक्सिजन यांच्या संयोगातून थेट वीज मिळते, हे विल्यम ग्रोव्ह यांनी १८४२ मध्येच दाखवलं होतं. अपोलो यानांमधली वीजही फ्युएल सेलचीच होती. तरीही हे तंत्र आपल्या रस्त्यांवर अजून क्वचितच दिसतं, कारण ते महाग आहे आणि वाहनात वर्षानुवर्षं टिकवणं अवघड आहे.

वाहनांसाठीच्या सेलच्या मध्यभागी पॉलिमरचा पातळ पडदा असतो. हायड्रोजन प्लॅटिनमच्या सूक्ष्म कणांवर आला की त्यातले प्रोटॉन आणि इलेक्ट्रॉन वेगळे होतात. प्रोटॉन पडद्यातून पलीकडे जातात. इलेक्ट्रॉनना पडदा अडवतो, म्हणून ते बाहेरच्या तारेतून वळसा घालतात आणि तोच वीजप्रवाह असतो. पलीकडे ऑक्सिजनशी गाठ पडून पाणी तयार होतं. एका सेलमधून वापरात एक व्होल्टही मिळत नाही, त्यामुळे अनेक सेल एकापुढे एक रचून ‘स्टॅक’ करावा लागतो.

अडचणी इथूनच सुरू होतात. हायड्रोजनमध्ये कार्बन मोनॉक्साइडचा अगदी किंचित अंश राहिला तरी प्लॅटिनमचं काम मंदावतं. पडदा कोरडा पडला की प्रोटॉन अडतात, पाणी साचलं की वायूची वाट बंद होते. बस दर थांब्यावर थांबते आणि पुन्हा सुटते, त्या प्रत्येक चढउतारात प्लॅटिनमचा हा उत्प्रेरक थोडा थोडा झिजतो. प्रयोगशाळेत एक उत्तम सेल बनवता येतो. पण शेकडो सेल एकसारखे बनवून ते हजारो तास चालवायला कारखाना लागतो. आणि कारखानदाराला फळ कधी मिळेल याची खात्री नसते. सरकारी पैसा आणि खासगी पैसा एकत्र येण्याची गरज नेमकी इथे भासते.

युरोपीय संघाने २००८ मध्ये यासाठी स्वतंत्र संयुक्त संस्था उभी केली. संघाचे ४७ कोटी युरो आणि उद्योगांचा किमान तेवढाच वाटा, असं सूत्र ठरलं. निर्णय घेताना युरोपीय आयोग, कंपन्या आणि संशोधन संस्था एका मंडळावर बसू लागल्या. याच व्यवस्थेच्या मदतीने ऑस्ट्रियातल्या लिंझ शहरात, फोएस्टआल्पिनेच्या पोलाद कारखान्यात, २०१९ मध्ये ६ मेगावॉटचा इलेक्ट्रोलायझर सुरू झाला. विजेने पाण्यातून हायड्रोजन काढणारं हे यंत्र चालत्या पोलाद कारखान्यात कसं वागतं, याचा अनुभव त्यातून मिळाला. २०२१ मध्ये सुरू झालेल्या पुढच्या टप्प्यासाठी संघाने १०० कोटी युरो ठरवले.

आपल्याकडचं उदाहरण पुण्यातलं आहे. राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा, म्हणजे आपली एनसीएल, कारैकुडीची केंद्रीय विद्युतरासायनिक संशोधन संस्था आणि केपीआयटी ही पुण्याची कंपनी २०१६ मध्ये वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेच्या (सीएसआयआर) एका योजनेतून एकत्र आल्या. त्यांनी देशात बनवलेल्या १० किलोवॉटच्या स्टॅकवर ऑक्टोबर २०२० मध्ये मोटार चालवून पाहिली. ऑगस्ट २०२२ मध्ये पुण्यातच फ्युएल सेल बस लोकांपुढे आली. पडदा, उत्प्रेरक आणि स्टॅकची रचना जाणणारी माणसं अशाच कामातून तयार होतात.

म्हणूनच एक आकडा अस्वस्थ करतो. जानेवारी २०२३ मध्ये मंजूर झालेल्या राष्ट्रीय हरित हायड्रोजन अभियानासाठी १९,७४४ कोटी रुपये ठरले. त्यातले १७,४९० कोटी हायड्रोजन आणि इलेक्ट्रोलायझर यांच्या उत्पादनाला प्रोत्साहन देण्यासाठी आहेत. संशोधनाला ४०० कोटी, म्हणजे जेमतेम दोन टक्के. अभियानात संशोधनासाठी सार्वजनिक-खासगी भागीदारीची तरतूद आहे, ही चांगली गोष्ट आहे. पण झिजणाऱ्या उत्प्रेरकाचं कोडं दोन-तीन वर्षांच्या प्रकल्पात सुटत नाही.

माझ्या मते अशा भागीदारीला दोन अटी हव्यात. पहिली, निधी किमान दहा वर्षं अखंड मिळावा आणि कंपनीने स्वतःचा ठोस पैसा त्यात घालावा. दुसरी, चाचण्यांची मोजमापं सगळ्यांना खुली असावीत, फसलेल्या चाचण्यांचीसुद्धा. कोणता पडदा किती तासांनी आणि का निकामी झाला, हे एका गटाला कळलं आणि फायलीत राहिलं, तर दुसरा गट सरकारच्याच पैशांनी तीच ठेच खाईल. हा पैसा करदात्यांचा आहे, तेव्हा त्यातून मिळालेल्या ज्ञानावरही त्यांचा हक्क आहे.