काडतूस भरणाऱ्यांची परिभाषा आणि तिच्यातील धोके

झाडलेल्या काडतुसाची रिकामी पुंगळी पुन्हा उपयोगात आणून घरच्या घरी नवे काडतूस तयार करण्याचा छंद अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत फार मोठ्या प्रमाणावर रूढ आहे. भारतात शस्त्र अधिनियम, १९५९ अन्वये परवान्यावाचून दारूगोळा तयार करता येत नसल्यामुळे इकडे तो जवळजवळ अपरिचित राहिला. या छंदाच्या सुरक्षिततेविषयी विपुल लिहिले गेले आहे. परंतु त्यातील पुष्कळसे धोके वस्तूंपेक्षा वस्तूंच्या नावांतून उद्भवतात, ही गोष्ट भाषाशास्त्राच्या अभ्यासकाने पाहण्याजोगी आहे.

काडतुसाचे घटक चार: पितळेची पुंगळी, तिच्या बुडाशी बसविलेला व आघाताने पेट घेणारा प्रायमर, दारू, आणि तोंडाशी घट्ट बसविलेली गोळी. मराठीत ‘गोळी’ हा शब्द सबंध काडतुसालाही लावतात आणि व्यवहारात त्याने काही अडत नाही. भरणाऱ्याचे मात्र अडते. गोळी ठरल्यापेक्षा आत बसली की दारूला उरलेली जागा घटते, आणि पिस्तुलाच्या लहानशा काडतुसात तेवढ्यानेही दाब एकाएकी चढतो. गोळीची लांबी आणि काडतुसाची लांबी ही दोन मापे त्याला सदैव वेगळी ठेवावी लागतात.

‘दारू’ या शब्दाची कथा अधिक बोधप्रद आहे. फारसीत त्याचा अर्थ औषध. चिनी भाषेतही या पदार्थाचे नाव ‘अग्नि-औषध’ असेच आहे. सोरा, गंधक व कोळसा यांची काळी दारू शतकानुशतके मापाने भरली जात असे. पितळी पुंगळ्या आल्यावरही ती पुंगळीभर ओतण्याची रीत होती. १८८४ मध्ये फ्रान्समध्ये पॉल व्हिएय याने नायट्रोसेल्युलोजपासून धूरहीन दारू सिद्ध केली. हा पदार्थ सर्वस्वी निराळा आणि कित्येक पटींनी जोरकस. पण इंग्रजीने त्याला जुनेच नाव दिले, मराठीनेही तेच केले. काळ्या दारूसाठी बनविलेल्या पुंगळीत त्याच मापाने धूरहीन दारू भरली तर बंदुकीच्या चिंधड्या उडू शकतात.

काडतुसांच्या नावांतील अंकही याच इतिहासाचे अवशेष होत. १८७३ च्या ‘.४५-७०’ या अमेरिकन काडतुसातील ७० हा आकडा काळ्या दारूचे वजन ग्रेनमध्ये सांगतो. ‘.३०-०६’ मधील ०६ हे १९०६ हे साल आहे. ‘.२५०-३०००’ मधील ३००० हा गोळीचा सेकंदाला फुटांतील वेग. रचना एकच, अर्थ तीन! पहिल्या नावातील ७० हा आकडा आजच्या दारूला लावण्याइतका अनर्थ दुसरा नाही. म्हणूनच नावावरून काहीही ताडू नये, छापील कोष्टकच पाहावे, असा या क्षेत्रातला पहिला दंडक आहे.

कोष्टकात येणारा ‘ग्रेन’ हा शब्द नवशिक्याला हमखास चकवतो. दारू कणांच्या रूपात असते. तेव्हा ग्रेन म्हणजे एक कण असे त्याला वाटते. वस्तुतः ते वजन आहे: ७००० ग्रेन म्हणजे एक पौंड. धान्याच्या दाण्यावरून वजन कल्पिण्याची ही रीत मराठी वाचकाला परकी वाटू नये, कारण गुंज हेही बीजच. ब्रिटिश अमदानीत तोळा १८० ग्रेनचा ठरविण्यात आला होता. रायफलीच्या १८० ग्रेनच्या गोळीचे वजन म्हणून बरोबर एक तोळा भरते. खरा घोटाळा संक्षेपांत आहे. ग्रेन आणि ग्रॅम यांची लघुरूपे जवळजवळ सारखी. आणि एका ग्रॅममध्ये सुमारे १५.४ ग्रेन येतात. काट्यावरील खूण न पाहता वजन करणारा माणूस किती मोठ्या चुकीच्या उंबरठ्यावर असतो, हे यावरून कळेल.

अंकांपेक्षाही फसवे ठरले आहे ते एक अक्षर. जर्मनीच्या १८८८ च्या लष्करी काडतुसाला शिकारी वर्गात ‘८×५७ आय’ हे नाव पडले. ‘आय’ हे ‘इन्फंटेरी’ म्हणजे पायदळ या शब्दाचे आद्याक्षर. जुन्या जर्मन फ्राक्टुर लिपीत मोठा ‘आय’ आणि मोठा ‘जे’ यांचे रूप एकच. त्यामुळे इंग्रजी वाचकांनी ‘जे’ वाचला, आणि निरर्थक असूनही तो तसाच रूढ झाला. विसाव्या शतकाच्या आरंभी याच पुंगळीत टोकदार गोळी आली. तिचा व्यास ८.०८ ऐवजी ८.२२ मिलिमीटर होता, आणि तिच्यासाठी नावात ‘एस’ जोडण्यात आला. फरक मिलिमीटरच्या सातव्या हिश्शाचा. तरी मोठी गोळी जुन्या अरुंद नळीतून रेटली गेल्यास दाब धोक्याच्या पातळीला जातो. सारे तारण त्या ‘एस’वर अवलंबून! अमेरिकेत हेच काडतूस ‘८ मिलिमीटर मौझर’ म्हणून विकले जाते, ज्यात ते तारक अक्षरच नाही. जुनी बंदूक कोणाच्याही हाती असू शकेल या भयाने तेथील कमाल दाबाची मर्यादा युरोपातील मर्यादेहून कितीतरी खाली ठेवलेली आहे. दोन्हीकडची कोष्टके आपापल्या जागी बरोबर आहेत. ती एकमेकांत मिसळणे मात्र चूक.

दारूच्या डब्यांवरही हाच प्रकार. दुसऱ्या महायुद्धानंतर उरलेली ‘४८३१’ क्रमांकाची दारू हॉजडन या अमेरिकन व्यापाऱ्याने विकली. पुढे १९७० नंतरच्या दशकात ड्यू पाँटने त्याच क्रमांकाची, परंतु अधिक जलद जळणारी दारू बाजारात आणली. क्रमांकामागील अक्षरे न वाचता एकीचे प्रमाण दुसरीला लावले की दाब मर्यादेबाहेर जातो. यास्तव मेजावर एका वेळी एकाच दारूचा डबा असावा, काम संपताच उरलेली दारू मूळ डब्यातच परत जावी, आणि चिठ्ठी निघालेल्या डब्यातील दारू रंगरूपावरून न ओळखता टाकून द्यावी, हे नियम केलेले आहेत. ओळख डोळ्यांनी होत नाही. ती चिठ्ठीनेच होते.

मराठीत ‘फुसका बार’ हा शब्दप्रयोग फजितीचा आणि विनोदाचा आहे. काडतूस भरणाऱ्याच्या कानाला मात्र त्यासारखा भयसूचक आवाज नाही. पुंगळीत दारू पडायचीच राहिली, तर प्रायमरचा जोर गोळीला नळीत ढकलून मध्येच अडकवितो. तो क्षीण आवाज ऐकून पुढचे काडतूस झाडले, की अडकलेल्या गोळीमागे नळी फुगते वा फुटते. याच्या उलट चूक दुहेरी भरणाची. पिस्तुलाच्या जलद दारूचे प्रमाण इतके थोडे असते, की ते दोनदा पडले तरी अनेकदा पुंगळीत मावते आणि बाहेरून काहीच कळत नाही. दोहोंवर इलाज एकच सांगितला जातो: भरलेल्या पुंगळ्या ठोकळ्याच्या भोकांत रांगेने उभ्या कराव्यात, गोळ्या बसविण्यापूर्वी वरून दिवा धरून प्रत्येकीतील दारूची पातळी शेजारणीशी ताडून पाहावी, आणि एखादीविषयी संशय आल्यास ती रिकामी करून पुन्हा भरावी.