पार्ट ‘वरून’ येतोय, साहेब!

2024 ची जन्माष्टमी 26 ऑगस्टला होती. त्या दिवशी बडोद्यात पाऊस असा कोसळला की पुढचे दोन-तीन दिवस शहर विश्वामित्रीच्या ताब्यात गेलं. नदीचं पाणी 37 फुटांच्या आसपास चढलं. अकोटा, फतेगंज, समा या भागांतल्या सोसायट्यांमध्ये उभ्या गाड्या पाण्यात गेल्या. लष्कर आलं, होड्या फिरल्या, रस्त्यावर आलेल्या मगरींचे व्हिडिओ देशभर पाहिले गेले. पाणी उतरलं आणि भिजलेल्या मोटारींचं प्रकरण सुरू झालं. टोइंगवाले मिळेनात, वर्कशॉपांच्या आवारात जागा पुरेना, विम्याचे सर्व्हेअर एका गाडीवरून दुसऱ्या गाडीकडे धावू लागले.

पुरात बुडालेली गाडी धुऊन पुसली की वरून ठीकठाक दिसते. खरी हालत कळते ती मेकॅनिकने सीटा काढून खालचं कार्पेट उचलल्यावर. पत्र्यावर गाळाचा थर असतो, आणि त्या गाळातूनच मनगटाएवढा जाड वायरिंगचा जुडगा मागच्या दिव्यांपर्यंत गेलेला असतो. कनेक्टर उघडला की आतल्या तांब्याच्या पिना हिरवट पडलेल्या सापडतात. एअरबॅग कधी उघडायची हे ठरवणारी इलेक्ट्रॉनिक डबी बहुतेक गाड्यांत दोन सीटांच्या मधे, अगदी तळाशी बसवलेली असते. म्हणजे पाणी आलं की पहिल्यांदा तीच भिजणार. शिवाय सीटबेल्टची यंत्रणा, स्टार्टर, अल्टरनेटर, सेन्सर. यादी पानभर होते, आणि यादीतला एक पार्ट जरी आला नाही तरी गाडी जागची हलत नाही.

इथून मालक आणि डीलर यांची कॅलेंडरं वेगळी होतात. मालक दिवस मोजतो ते गाडी वर्कशॉपला लागली तेव्हापासून. डीलर मोजतो ते ऑर्डर टाकली तेव्हापासून. मधला काळ विम्याचा. पन्नास हजारांवरच्या नुकसानीला सर्व्हेअरची पाहणी लागते, आणि दुरुस्तीचा खर्च गाडीच्या विमा-किमतीच्या, म्हणजे आयडीव्हीच्या, 75 टक्क्यांवर जात असेल तर गाडी ‘टोटल लॉस’ धरली जाते. तो निर्णय होईपर्यंत पार्ट मागवायला डीलर धजावत नाही. इलेक्ट्रिकल पार्ट कंपनी सहसा परत घेत नाही; उद्या गाडी भंगारात निघाली तर महागडं कंट्रोल युनिट त्याच्याच गळ्यात पडायचं. सावधगिरी रास्तच आहे, पण ती मालकाला कोणी समजावून सांगत नाही. त्याच्या कानावर येतं ते एवढंच: ‘आवी जशे, साहेब’, म्हणजे येईल, साहेब.

एकदाची मंजुरी आली की सर्व्हिस ॲडव्हायझर गाडीचा सतरा अक्षर-अंकी चासी नंबर पार्ट्स विभागाकडे देतो. कंपनीच्या कॅटलॉगमधून पार्ट नंबर निघतो. ऑर्डर दोन तऱ्हेची असते. ऑइल फिल्टर, ब्रेक पॅडसारख्या रोजच्या मालाची ‘स्टॉक ऑर्डर’ ठरलेल्या दिवशी जाते. गाडी उभीच पडली असेल तर ‘व्हीओआर’, म्हणजे व्हेइकल ऑफ रोड, अशी तातडीची ऑर्डर टाकता येते. तिला प्राधान्य मिळतं, खर्च थोडा जास्त पडतो. माल विभागीय गोदामात असेल तर काही दिवसांत हातात येतो. तिथे नसेल तर मध्यवर्ती गोदाम. तिथेही नसेल तर पडद्यावर ‘बॅक-ऑर्डर’ उमटतं, आणि मग डीलरच्या हातात खरोखरच काही उरत नाही. ‘वरूनच येत नाही’ हे वाक्य दर वेळी थाप नसतं.

गोदामात पार्ट का नसतो? वायरिंगचंच पाहा. सनरूफ आहे की नाही, एअरबॅग दोन की सहा, गिअर हाताचे की ऑटोमॅटिक, त्याप्रमाणे एकाच मॉडेलचे जुडगे वेगवेगळे. एरवी वर्षानुवर्षं कोणी विचारत नाही असा माल प्रत्येक प्रकारात साठवून ठेवणं कंपनीला परवडत नाही. आणि पुरासारख्या वेळी एकाच शहरातून एकाच आठवड्यात सगळे तेच मागतात. मॉडेल नवं असेल तर पुरवठादाराचा माल आधी कारखान्यातल्या असेंब्ली लाइनला जातो, कारण लाइन थांबली तर नव्या गाड्यांची विक्री बुडते. वर्कशॉपमध्ये गाडी थांबली तर बुडतो तो मालकाचा वेळ. एअरबॅगची आणखी वेगळी तऱ्हा. तिच्या आत क्षणात पेटणारं रसायन असतं, म्हणून विमानाच्या मालवाहतुकीत ती धोकादायक मालात मोडते, आणि घाईचं पार्सल म्हणून सहज चढवता येत नाही.

कधी अडथळा पार दुसऱ्या खंडात असतो. मार्च 2021 मध्ये जपानमधल्या नाका इथल्या रेनेसास कंपनीच्या चिप कारखान्याला आग लागली आणि आधीच जाणवणारा चिपचा तुटवडा जगभरच्या वाहन उद्योगाला आणखी बोचला. सप्टेंबर 2025 मध्ये टाटांच्या मालकीच्या जग्वार लँड रोव्हरवर सायबर हल्ला झाला. ब्रिटनमधले कारखाने तर बंद पडलेच, पण सुट्या भागांचा पुरवठाही विस्कळीत झाला. हल्ला संगणकावर, आणि खोळंबा स्पॅनर हातात घेऊन बसलेल्या मेकॅनिकचा!

बडोदेकरांना मात्र एवढ्या लांब जायची गरज नाही. शहरापासून चाळीसेक किलोमीटरवर हालोल आहे. जनरल मोटर्सने तिथे 1996 मध्ये ओपेल ॲस्ट्रा बनवायला घेतली. पुढे शेव्हरोलेच्या टवेरा, क्रूझ, एन्जॉय तिथूनच बाहेर पडल्या. एप्रिल 2017 मध्ये हालोलचं उत्पादन थांबलं, मे महिन्यात कंपनीने भारतातली विक्री वर्षअखेर बंद करत असल्याचं जाहीर केलं, आणि कारखान्यात एमजी ही मोटार कंपनी आली. चार वर्षांनी, सप्टेंबर 2021 मध्ये, फोर्डनेही भारतातलं वाहन उत्पादन गुंडाळायची घोषणा केली. ज्या साणंदमध्ये फिगो आणि ॲस्पायर बनत, तो कारखाना टाटांनी 725 कोटी 70 लाखांना घेतला. सर्व्हिस आणि पार्ट मिळत राहतील, असं आश्वासन दोन्ही कंपन्यांनी जाताना दिलं. पण नव्या गाड्या विकल्या जात नसताना डीलरला वर्कशॉप चालवायला उमेद किती राहणार, आणि थोड्याशा मागणीसाठी पुरवठादार जुने साचे पुन्हा कितीदा काढणार? दारात उभी टवेरा तासाभराच्या अंतरावर जन्मलेली असली, तरी तिच्या पार्टसाठी त्या जवळिकीचा उपयोग शून्य.

या सगळ्यात एक प्रश्न मागे राहतो. पार्ट डीलरकडे नसेल तर दुसरीकडून का घेता येऊ नये? दिवा बनवतो वेगळाच कारखाना, वायरिंग आणखी वेगळा. मोटार कंपनी त्यावर आपला शिक्का मारते. हाच मुद्दा 2011 मध्ये शमशेर कटारिया यांनी भारतीय स्पर्धा आयोगापुढे नेला. तक्रार होंडा, फोक्सवॅगन आणि फियाटविरुद्ध होती. तपासात इतर कंपन्याही आल्या. 25 ऑगस्ट 2014 रोजी आयोगाने मारुती, टाटा, महिंद्र, टोयोटा, फोर्ड, जनरल मोटर्स यांच्यासह चौदा कंपन्यांना मिळून सुमारे 2,545 कोटींचा दंड ठोठावला. पार्ट बनवणाऱ्याने तो परस्पर खुल्या बाजारात विकू नये, अशी बंधनं करारांत घातलेली आढळली. बाहेरच्या गॅरेजला अस्सल पार्टही नाही आणि बिघाड शोधायचं संगणकीय साधनही नाही. खुल्या बाजारात माल आणा, असं आयोगाने बजावलं. कंपन्या अपिलात गेल्या. निकालाला दहा वर्षं पुरी झाली त्याच्या दुसऱ्याच दिवशी बडोद्यात पूर आला, तेव्हाही नव्या मॉडेलच्या कंट्रोल युनिटसाठी मालकाला डीलरचीच पायरी चढावी लागत होती. उशिराचं मूळ जितकं गोदामात आहे तितकंच या एकदारी व्यवस्थेत आहे. पर्यायच नसलेल्या ग्राहकाला तारीख देण्याची घाई कोणाला असणार?

केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने जुलै 2022 मध्ये ‘दुरुस्तीच्या हक्का’साठी निधी खरे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. मोबाइल, घरगुती उपकरणं आणि शेती अवजारांबरोबर मोटारींचाही त्यात समावेश झाला, आणि त्याच वर्षी 24 डिसेंबरला पोर्टल सुरू झालं. सर्व्हिस, वॉरंटी आणि सुट्या भागांची माहिती एका जागी मिळावी, असा त्याचा हेतू आहे. अमुक दिवसांत पार्ट दिलाच पाहिजे, असं बंधन मात्र पोर्टलने येत नाही.

तोवर हाताशी आहे तो 2019 चा ग्राहक संरक्षण कायदा. आधी 1915 या राष्ट्रीय हेल्पलाइनवर तक्रार नोंदवता येते. तिथे भागलं नाही तर जिल्हा ग्राहक आयोग. मोजलेली किंमत पन्नास लाखांपर्यंत असेल तर प्रकरण जिल्ह्यातच चालतं, म्हणजे रस्त्यावरच्या बहुतेक मोटारी त्यात बसतात. डीलर आणि कंपनी दोघांनाही प्रतिवादी करता येतं, वकील लावण्याची सक्ती नाही. जॉब कार्ड, पार्ट नंबर आणि ऑर्डर टाकल्याची तारीख लेखी हवी. गाडी वर्कशॉपमध्ये असतानाच ईमेल करून ती मागितलेली बरी, कारण ऑर्डरची नोंद डीलरच्या संगणकात त्या घटकेला समोरच असते.