मावशीचा रिपोर्ट आणि माझा

हे लिहू का, असं मावशीला विचारलं तेव्हा ती म्हणाली, "लिही, पण नाव घालू नकोस. शहापुरात सगळे ओळखतात." म्हणून इथे ती फक्त मावशी.

काका गेले तेव्हाच तिला एचआयव्ही असल्याचं कळलं. त्याला आता १४ वर्षं झाली. रोज रात्री गोळी, ठरलेल्या वेळी रक्ततपासणी, आणि तब्येत म्हणाल तर माझ्यापेक्षा ठणठणीत. गणपत गल्लीतून भाजीच्या दोन पिशव्या भरून चालत घरी येते. पण इतक्या वर्षांत गर्भाशयमुखाची तपासणी तिने एकदाही केली नव्हती. तिला कुणी सांगितलं नाही, तिने विचारलं नाही. मी तरी कुठे केली होती? वय ३६, दोन मुलं, आणि 'त्रास नाही ना, मग कशाला' हे ठरलेलं उत्तर.

दोन वर्षांपूर्वी दिवाळीआधी आम्ही दोघी मिळून एचपीव्हीची टेस्ट करून आलो. पाच मिनिटांचं काम. आठवड्याने मावशीचा फोन आला. आवाज बसलेला. "अजून एक व्हायरस निघाला गं. आता लोक काय म्हणतील?"

मी म्हटलं, "मावशी, माझाही पॉझिटिव्ह आलाय."

बराच वेळ ती काही बोललीच नाही. मग म्हणाली, "तुला कसा?"

तसाच, जसा बहुतेकांना होतो. एचपीव्हीचे दोनशेहून अधिक प्रकार आहेत आणि शरीरसंबंध आलेल्या बहुतेक स्त्री-पुरुषांना आयुष्यात कधी ना कधी त्यातला एखादा गाठतोच. तो कधी आला, कुणाकडून आला, हे रिपोर्टवरून सांगता येत नाही. त्यामुळे नवऱ्यावर किंवा बायकोवर डोळे वटारण्यात अर्थ नाही. बहुतेक जणींचं शरीर एक-दोन वर्षांत त्याला हुसकावून लावतं. राहिला तर त्रास. त्यातही १६ आणि १८ हे प्रकार वाईट, गर्भाशयमुखाचे सुमारे ७० टक्के कर्करोग या दोघांमुळे होतात.

एचआयव्ही असलेल्या बाईचं गणित इथेच वेगळं होतं. हुसकावणारी फौजच कमी पडते, म्हणून एचपीव्ही मुक्काम ठोकतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या म्हणण्यानुसार अशा स्त्रियांना हा कर्करोग होण्याची शक्यता सहापट असते. गोळ्या नियमित असतील तर धोका कमी होतो, पण संपत नाही. म्हणूनच संघटना इतर बायकांना तिशीपासून दर ५ ते १० वर्षांनी ही टेस्ट सांगते आणि त्यांना पंचविशीपासून, दर ३ ते ५ वर्षांनी. (गंमत पाहा, २००८ सालचं वैद्यकाचं नोबेल या दोन्ही विषाणूंवरच्या कामाला मिळून दिलं गेलं. संशोधकांनी जोडी लावली, आपण मात्र दोन्ही आजार वेगवेगळ्या कपाटांत ठेवले.)

पुढची तपासणी झाली. माझं काही निघालं नाही. मावशीच्या गर्भाशयमुखावर पांढरट डाग दिसला, तुकडा तपासायला गेला. कर्करोग नव्हता, त्याच्या आधीची पायरी होती. जागा बधिर करून तारेच्या कड्याने तेवढा भाग काढला. संध्याकाळी घरी येऊन तिने आमटी फोडणीला टाकली. वर्षाने माझी टेस्ट निगेटिव्ह आली. तिचीही आली, पण तिला पुन्हा जावं लागणार आहे.

हे शहरातल्या शिकलेल्यांचं काम, असं मलाही वाटायचं. पण यातला मोठा पुरावा आपल्या शेजारच्याच मुलखातला. तेव्हाच्या उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्यात १९९९ पासून ३० ते ५९ वयाच्या १ लाख ३१ हजारांहून अधिक खेडेगावच्या बायकांना घेऊन अभ्यास झाला. आयुष्यात एकदाच एचपीव्ही टेस्ट देऊ केलेल्या गटात या कर्करोगाचे मृत्यू आठ वर्षांत जवळपास निम्मे झाले.

आता राहिली माझी लेक, वय ११. लस म्हटल्यावर सासूबाईंनी कपाळाला आठ्या घातल्या. "एवढ्या पोरीला हे कशाला?" मी सांगितलं, ही लस आलेला विषाणू घालवत नाही, नुसती येऊ देत नाही, म्हणून ९ ते १४ हेच तिचं वय. त्यांना पूर्ण पटलं नाही. दवाखान्यात लेकीचा हात धरून मावशीच बसली.

दुसरा डोस एप्रिलमध्ये आहे. मावशीने तो आणि आपली पुढची टेस्ट, दोन्ही कालनिर्णयवर लाल पेनने लिहून ठेवलंय.