फटफटीवर हाताला मुंग्या येतात? अंगावर काढू नका!

बियाणे, खते आणि फवारणी यांविषयी मी गावोगावच्या सभांत नेहमीच बोलतो. आज मात्र पिकाविषयी नव्हे, आपल्या हातांविषयी चार शब्द सांगायचे आहेत.

माझी निम्मी नोकरी फटफटीवर गेली. पन्नाशी ओलांडली आणि उजव्या हाताला मुंग्या येऊ लागल्या. हात झटकला की बरे वाटे, म्हणून मी वयाला दोष देऊन गप्प बसलो. एकदा दिवेलागणीला परतत असताना मेंढरांचा कळप रस्त्यावर आला. पुढचा ब्रेक दाबला, पण बोटांना लिव्हर लागलाच नाही! पायातल्या ब्रेकने निभावले. दुसऱ्याच दिवशी मी डॉक्टरांकडे गेलो.

मुंग्या का येतात?

बांधाखालून पाइप नेतो तशी मनगटात हाडांची एक अरुंद मोरी असते. तीतून बोटे मिटणाऱ्या नऊ दोऱ्या आणि एक मुख्य नस जाते. मनगट तासन्‌तास वाकलेले राहिले, मूठ घट्ट आवळली आणि वर इंजिनाचा थरथराट बसला, की मोरीत सूज येऊन नस दाबली जाते. मग अंगठा, तर्जनी, मधले बोट आणि अनामिकेची अर्धी बाजू बधिर होते. रात्री मुंग्यांनी जाग येते. करंगळी बधिर होत असेल, तर दुसरी नस तळहाताच्या कडेला किंवा कोपरापाशी दाबली जात असावी. मानेतून कळ येत असेल, तर मूळ मानेत असू शकते.

हा त्रास फटफटीवाल्यांनाच होतो असे नाही. धार काढणे, विळ्याने कापणी करणे, कणीक मळणे यांनीही तो वाढतो. बायकांत त्याचे प्रमाण अधिक आहे. गरोदरपणात होणारा त्रास बहुधा बाळंतपणानंतर कमी होतो. मधुमेह आणि थायरॉईडचा विकार असलेल्यांनी विशेष जपावे.

गाडीत काय सुधारावे?

१. सीटवर नेहमीसारखे बसून बोटे क्लच-ब्रेकच्या लिव्हरवर ठेवा. कोपरापासून बोटांपर्यंत सरळ रेषा आली पाहिजे. मनगट वर मुडपत असेल, तर लिव्हरचा बोल्ट सैल करून तो थोडा खाली फिरवा आणि पुन्हा घट्ट आवळा.

२. क्लचची केबल जड झाली असेल, तर तेल द्या किंवा बदला. गावातल्या रस्त्यावर क्लच दिवसातून शेकडो वेळा दाबावा लागतो.

३. पडून वाकलेले हँडल, झिजलेले मुठीचे रबर, ढिले झालेले इंजिनाचे फाउंडेशन बोल्ट आणि खराब कोनसेट मेकॅनिककडून तपासून घ्या. टायरमध्ये हवा कंपनीने सांगितली तेवढीच ठेवा. फार भरली की प्रत्येक खड्डा थेट मनगटात येतो.

बसावे कसे?

अंगाचा भार हातांवर टाकू नका. पाठ ताठ, कोपरे किंचित वाकलेली आणि गुडघे टाकीला टेकलेले असावेत. मूठ अंडे धरल्यासारखी हलकी धरा. अर्ध्या-पाऊण तासाने गाडी थांबवून हात खाली सोडा आणि बोटे उघडझाप करा. हात बधिर झाला असेल, तर जाणीव परत येईपर्यंत गाडी हाकू नका.

रात्री झोपताना मनगट सरळ ठेवणारा पट्टा औषधाच्या दुकानात मिळतो. काही आठवडे तो नियमाने बांधल्यास पुष्कळांना उतार पडतो. मला पडला. गाडी चालवताना मात्र तो बांधू नये, ब्रेक दाबताना हात अडतो.

उशीर नको

आमच्या भागातले एक दूधवाले रोज दुधाचे कॅन लावून वाड्या-वस्त्यांवर फिरत. तीन वर्षे त्यांनी तेल चोळले, दुखणे दाबण्याच्या गोळ्या खाल्ल्या. सदऱ्याचे बटण लागेना, तेव्हा डॉक्टर गाठला. अंगठ्याच्या बुडाचा मांसल भाग खोल गेला होता. छोटी शस्त्रक्रिया झाली, मुंग्या थांबल्या, पण पकडीतले बळ पूर्ण आले नाही. वाळलेल्या रोपाला नंतर कितीही पाणी घातले तरी काय उपयोग?

म्हणून हातातून वस्तू पडू लागल्या, अंगठ्याचा जोर कमी झाला किंवा बधिरपणा दिवसरात्र राहू लागला, तर तालुक्याचे डॉक्टर गाठा. नसेची तपासणी करून नेमके दुखणे कळते. एकाएकी एका बाजूचा हात लुळा पडला, तोंड वाकडे झाले किंवा बोलणे अडखळले, तर ते मनगटाचे दुखणे नव्हे. ती अर्धांगवायूची खूण आहे. क्षणही न दवडता १०८ ला फोन करून रुग्णवाहिका बोलवा.

हात फिरे तेथे लक्ष्मी शिरे, असे आपण म्हणतो. बैलाच्या खांद्याला आवाळू येऊ नये म्हणून जपणारे आपण, स्वतःच्या हातांनाही तेवढेच जपू या.