बदामाएवढ्या गाठीची खतावणी

महात्माजींच्या वास्तव्याने पावन झालेला आपला वर्धा जिल्हा दारूबंदीचा जिल्हा म्हणून ओळखला जातो. तथापि व्यसन जिल्ह्याची हद्द पाहून थांबत नाही. बँकेच्या सेवेत हिंगणघाटला असताना एका कापूस व्यापाऱ्याच्या घरी माझे जाणे-येणे होते. घरातील कर्त्या पुरुषाने तीन वेळा दारू सोडली आणि तिन्ही वेळा पुन्हा धरली. पहिला दिवस तो निग्रहाने काढी. मग हात कापू लागत, झोप उडे, दाराची कडी वाजली तरी तो दचके. ‘मनाचा कच्चा’ असा शिक्का घरच्यांनी मारला. खरे सांगायचे तर मीही मारला. निवृत्तीनंतर मेंदूविषयी थोडेफार वाचले, तेव्हा तो शिक्का मागे घ्यावासा वाटला.

आपल्या मेंदूत, कानशिलांच्या आतल्या बाजूला, डावीकडे व उजवीकडे बदामाच्या आकाराची एकेक गाठ असते. तिला अमिग्डाला म्हणतात. भय आणि अस्वस्थता यांचे हे एक प्रमुख केंद्र. पूर्वी तिला एकच अवयव मानीत. आज आपण जाणतो की ती अनेक लहान केंद्रकांचा समूह आहे. पाहिले-ऐकलेले बाजूच्या केंद्रकात जमा होते. तेथून ते मध्यवर्ती केंद्रकाकडे जाते. आणि तेथून निघालेला हुकूम छातीची धडधड, घाम, अंग ताठरणे या रूपांनी प्रकट होतो.

व्यापारी कुटुंबांना हे सहज समजेल. केवळ शिल्लक पाहून पेढीची स्थिती कळत नाही. कोणत्या खात्यातून कोणत्या खात्यात रक्कम गेली, याची खतावणी लागते. शास्त्रज्ञ अमिग्डालाची अशीच खतावणी लिहीत आहेत. बाजूच्या व तळाच्या केंद्रकांतील बहुसंख्य पेशी पुढच्या पेशीला चेतवणाऱ्या असतात, तर मध्यवर्ती केंद्रकात आवर घालणाऱ्या पेशींचे प्राबल्य असते. 2010 मध्ये प्रसिद्ध झालेल्या उंदरांवरील संशोधनातून दिसले की या आवर घालणाऱ्यांतही निरनिराळे गट आहेत आणि ते परस्परांना रोखून धरतात. भीती वाढणे म्हणजे दर वेळी नवी आग पेटणे नव्हे. कित्येकदा असलेला लगाम सुटणे होय.

या खतावणीतील एक पान आपल्या शेजारी, नागपुरात लिहिले गेले, हे वाचून मला विशेष आनंद झाला. नागपूर विद्यापीठाच्या औषधनिर्माणशास्त्र विभागात डॉ. निशिकांत सुभेदार व त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘कार्ट’ नावाच्या मेंदूतील एका रसायनाचा अभ्यास केला. 2008 मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निबंधानुसार, दीर्घकाळ मद्य दिलेल्या उंदरांचे मद्य थांबवताच ते अस्वस्थ झाले आणि त्यांच्या मध्यवर्ती केंद्रकात ‘कार्ट’ वाढलेले आढळले. तेथेच ‘कार्ट’ला निष्प्रभ करणारे प्रतिद्रव्य सोडले असता अस्वस्थता कमी झाली.

बंगळुरू येथील राष्ट्रीय जीवविज्ञान केंद्रात सुमंत्र चटर्जी यांच्या चमूने आणखी एक गोष्ट दाखवली. दीर्घ तणावाने स्मृतीशी संबंधित हिप्पोकॅम्पस या भागातील पेशींच्या फांद्या आखडतात, तर अमिग्डालातील पेशींच्या फांद्या वाढतात. आणि तणाव संपल्यावरही ही वाढ लगेच ओसरत नाही. व्याज थांबले, पण मुद्दल तसेच राहिले!

हे प्रयोग उंदरांवरचे आहेत. त्यावरून उद्या गोळी निघेल असे म्हणणे उतावीळपणाचे ठरेल. मनुष्याची जबाबदारीही त्यामुळे संपत नाही. परंतु दारू सोडणाऱ्याचे थरथरणे हे ढोंग नव्हे, एवढे तरी यातून निश्चित कळते. वर्षानुवर्षे अतिमद्यपान करणाऱ्याने ते एकाएकी, घरच्या घरी थांबवणे प्रसंगी जिवावरही बेतू शकते. ते डॉक्टरांच्या देखरेखीखालीच व्हावयास हवे.

तो व्यापारी आज हयात नाही. चौथ्यांदा प्रयत्न करण्याआधी त्याने मला विचारले होते, “साहेब, मला इतकी भीती कशाची वाटते?” मी उपदेश केला. वास्तविक त्याला दवाखान्यात घेऊन जायला हवे होते. आपल्या घरात असा कोणी असेल, तर लोकलज्जेपायी हा हिशेब झाकून ठेवू नका.