आतड्यांच्या शस्त्रक्रियांचे संकेतांकन

आतड्यांच्या शस्त्रक्रियांचे संकेतांकन म्हणजे आतड्यावर केलेल्या शस्त्रक्रियेची देयकासाठी ठरावीक संकेतांकांत केलेली नोंद होय. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत विमा कंपन्या आणि मेडिकेअर ही शासकीय योजना या नोंदीवरूनच शल्यचिकित्सकाचे शुल्क ठरवतात. त्यासाठी अमेरिकन मेडिकल असोसिएशनने १९६६ साली प्रथम प्रसिद्ध केलेली 'सीपीटी' ही पाच अंकी संकेतावली वापरली जाते. दाखल रुग्णाच्या संदर्भात रुग्णालयाच्या स्वतःच्या देयकासाठी मात्र १ ऑक्टोबर २०१५ पासून 'आयसीडी-१०-पीसीएस' ही सात वर्णांची निराळी पद्धत लागू आहे.

संकेतांकाची निवड

सीपीटीत तीन गोष्टी निर्णायक ठरतात : आतड्याचा कोणता भाग काढला, उरलेल्या टोकांचे काय केले आणि पोट उघडून की दुर्बिणीतून. सिग्मॉइड म्हणजे मोठ्या आतड्याचा गुदाशयालगतचा नागमोडी भाग. तो काढून दोन्ही टोके आतड्यालाच जोडल्यास ४४१४० हा संकेतांक येतो. जोड ओटीपोटात खोलवर गुदाशयाशी केल्यास ४४१४५, तर वरचे टोक पोटाच्या त्वचेवर आणून खालचे शिवून बंद केल्यास (हार्टमन शस्त्रक्रिया) ४४१४३ लागतो. याच तिन्ही शस्त्रक्रिया दुर्बिणीतून केल्यास अनुक्रमे ४४२०४, ४४२०७ व ४४२०६ हे संकेतांक येतात. दुर्बिणीतून आरंभ करून पुढे पोट उघडावे लागल्यास फक्त उघड्या शस्त्रक्रियेचा संकेतांक नोंदवतात.

शस्त्रक्रियेच्या टिपणाचे शीर्षक पुष्कळदा 'सिग्मॉइड काढणे' एवढेच असते. जोड गुदाशयाशी झाल्याचा उल्लेख आतल्या मजकुरात एखाद्या वाक्यात सापडतो. शीर्षकावर विसंबून ४४१४० लिहिणे ही नवशिक्याची हमखास चूक होय. चिकटलेली आतडी सोडवण्याचा ४४००५ हा संकेतांक मुख्य शस्त्रक्रियेसोबत वेगळा लावता येत नाही. ते काम असाधारण कष्टाचे ठरले असेल, आणि टिपणात तसे स्पष्ट लिहिले असेल, तरच मुख्य संकेतांकास २२ हा उपसंकेत जोडता येतो.

पीसीएसमधील भेद

सीपीटीच्या दृष्टीने सिग्मॉइड काढणे हे मोठ्या आतड्याचे 'अंशतः' छेदन आहे. पीसीएसमध्ये सिग्मॉइड हाच स्वतंत्र अवयवभाग मानलेला असल्यामुळे तो संपूर्ण काढल्यास 'पूर्ण' छेदनाची नोंद होते. एकच शस्त्रक्रिया दोन देयकांत अशी परस्परविरोधी वाटते, पण दोन्ही नोंदी अचूक असतात. टोके जोडण्याच्या कृतीला पीसीएसमध्ये वेगळा संकेतांक नाही.

नंतरचे ९० दिवस

मेडिकेअरच्या नियमांनुसार या मोठ्या शस्त्रक्रियांनंतर ९० दिवसांची नेहमीची देखभाल मूळ शुल्कातच धरलेली असते. या मुदतीत जोड गळू लागल्याने रुग्णाला पुन्हा शस्त्रक्रियागृहात न्यावे लागल्यास ७८ हा उपसंकेत लावतात. पूर्वनियोजित पुढच्या टप्प्यासाठी ५८ लावतात.

चुकीचे परिणाम

उणा संकेतांक लावल्यास केलेल्या श्रमाचे मोल बुडते. अधिक मोबदल्याचा लावल्यास रुग्णाच्या वाट्याची रक्कमही वाढू शकते. मेडिकेअरकडे जाणूनबुजून खोटी मागणी केल्याचे सिद्ध झाल्यास १८६३ च्या 'फॉल्स क्लेम्स अ‍ॅक्ट'खाली नुकसानीच्या तिप्पट भरपाई व शिवाय दंड भरावा लागतो. अमेरिकी रुग्णालयांचे हे काम भारतातही मोठ्या प्रमाणावर चालते. रुग्ण व शल्यचिकित्सक दोघेही दूर असल्याने येथील संकेतांककाराच्या हाती केवळ ते टिपणच असते.