मीठ, तेल, तंबाखू आणि दीर्घकालीन विकार

रक्तदाब, मधुमेह, हृदयविकार व पक्षाघात हे सुखवस्तू शहरवासीयांचे विकार होत, अशी समजूत खेड्यांतून अद्यापि आढळते. ती आता सोडून दिली पाहिजे. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या साहाय्याने झालेल्या व २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार देशात १० कोटींहून अधिक लोकांना मधुमेह असून, त्याच्या उंबरठ्यावर असलेल्यांची संख्या १३ कोटींच्या वर आहे. घरचा कर्ता माणूस पक्षाघाताने अंथरुणास खिळला म्हणजे पेरणी खोळंबते व दुभते जनावरही विकावे लागते. ज्या देशांत औषधोपचाराचा भार बव्हंशी कुटुंबावरच पडतो, तेथे प्रतिबंध हाच स्वस्त उपाय होय.

हे विकार वेगवेगळे दिसले तरी त्यांची कारणे बरीचशी समाईक आहेत. अधिक मिठाने रक्तदाब वाढतो व वाढलेला रक्तदाब मेंदू, हृदय आणि मूत्रपिंड या तिघांनाही इजा करतो. तंबाखूने मुखाचा कर्करोग होतो, तसाच हृदयविकारही बळावतो. म्हणून एक सवय बदलली असता अनेक विकारांस आळा बसतो.

याचे उत्तम उदाहरण मॉरिशसचे. मराठी भाषिकांचे पूर्वज जेथे जाऊन स्थायिक झाले, त्या या बेटावर १९८७ मध्ये सरकारने शिधावाटपाच्या खाद्यतेलात पामतेलाऐवजी मुख्यतः सोयाबीन तेल देण्यास आरंभ केला व सोबत आरोग्यशिक्षणाची मोहीम चालविली. १९९२ मध्ये पुन्हा तपासणी झाली, तेव्हा लोकांच्या रक्तातील कोलेस्टेरॉलचे सरासरी प्रमाण सुमारे १५ टक्क्यांनी उतरले होते. रक्तदाब, धूम्रपान व अतिमद्यपान यांचेही प्रमाण घटले. मात्र लठ्ठपणा वाढला. तेल बदलून भागत नाही, ते कमीही वापरावे लागते.

मधुमेहाविषयी आपल्या देशातील पुरावाच उपलब्ध आहे. चेन्नई येथे मधुमेहाच्या उंबरठ्यावरील ५३१ व्यक्तींवर सुमारे तीन वर्षे प्रयोग झाला. त्याचे निष्कर्ष २००६ मध्ये प्रसिद्ध झाले. नेहमीप्रमाणे राहणाऱ्यांपैकी ५५ टक्के लोकांना मधुमेह जडला. साखर, मैदा व स्निग्ध पदार्थ कमी करून रोज अर्धा तास झपझप चालणाऱ्यांत हे प्रमाण ३९ टक्के राहिले. ज्यांना मुळातच अंगमेहनतीचे काम होते, त्यांना वेगळा व्यायाम सांगितला नव्हता; आहे तेच काम चालू ठेवावयाचे होते. शेतकऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे. परंतु नांगरट ट्रॅक्टरने होते व शिवारात जाणे मोटारसायकलीने, अशा घरी मेहनत पूर्वीइतकी उरलेली नसते, आणि चहातील साखर मात्र तितकीच राहते.

मिठाचा हिशेब घरच्या घरी करता येतो. जागतिक आरोग्य संघटनेने प्रौढ माणसास दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी, म्हणजे एका लहान चमच्याहून कमी, मीठ पुरेसे मानले आहे. चार प्रौढांच्या कुटुंबास महिन्याला ६०० ग्रॅमही लागू नये. एक किलोची पिशवी महिन्याच्या आतच संपत असेल, तर गृहिणीने लोणचे, पापड, खारवलेली मासळी व ताटात वरून वाढले जाणारे मीठ यांकडे प्रथम पाहावे. पीठ मळताना मीठ न घातल्यास भाकरीचे काही बिघडत नाही. मीठ आयोडीनयुक्तच असावे.

तंबाखूचा प्रश्न अधिक बिकट आहे, कारण मिशरीला पुष्कळ स्त्रिया व्यसन न मानता दंतमंजन मानतात. भाजलेली असली तरी ती तंबाखूच. गरोदर स्त्रीच्या मिशरीमुळे गर्भाच्या वाढीसही अपाय होतो. कार्यकर्त्यांनी हा विषय पुरुषांच्या सभेत न काढता अंगणवाडीत वा बचत गटात काढावा.

वाढलेला रक्तदाब बहुधा कोणतेही दुखणे न देता वाढतो. यासाठी वयाची तीस वर्षे पूर्ण झालेल्या प्रत्येकाची तपासणी उपकेंद्रात करून घ्यावी. औषध चालू असलेल्यांनी बरे वाटले म्हणून ते आपल्या मनाने बंद करू नये.